सी ड्राइव्हमधला गाळ

सांगलीत जुलै लागला की 'कसं काय, बरं आहे ना' मागं पडतं. 'कोयनेत किती झालं?' इथून बोलणं सुरू होतं. अण्णा सकाळी पेपर उघडतात ते थेट धरणसाठ्याच्या चौकटीपाशी, मग आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी, आणि देशात काय चाललंय ते चहा संपल्यावर. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, हे आमच्या गावभागात पोरांनासुद्धा पाढ्यांसारखं पाठ असतं.

त्यामुळे गेल्या पावसाळ्यात कॉम्प्युटरनं 'जागा अपुरी आहे, अपडेट होणार नाही' असं कळवलं आणि मी सी ड्राइव्हची लाल झालेली पट्टी बघत बसलो, तेव्हा अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून पहिलं काय विचारावं?

“किती भरलंय?”

“२२३ पैकी २२१.”

“अरे, मग दरवाजे उघडायला पाहिजेत की!”

पण लगेच दुसरा प्रश्न. “२२३ कसं? डबीवर २४० होतं. मी पावती बघितलीय.” अण्णा साखर कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाला होते. आकडा चुकलेला त्यांना झोपेतही कळतो. मीही मार्केट यार्डात एका अडत्याकडं हिशेब बघतो, त्यामुळे मला पहिल्यांदा जे वाटलं तेच त्यांना वाटलं होतं: कुणीतरी कडता कापला. हळदीच्या पोत्यामागं वजनातून कापून घेतात तसा. तसं काही नसतं. डिस्क बनवणारा एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणजे त्याचा जीबी सुमारे १०७ कोटी बाइटचा. माल तेवढाच, मापं दोन. म्हणून २४० चे २२३ दिसतात, ५०० चे ४६५ आणि एक टीबीचे ९३१. अण्णांनी मागच्या कागदावर गुणाकार करून खात्री केली आणि मगच मला पुढं जाऊ दिलं.

वरवरची झाडलोट तासाभरात झाली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. डिस्क क्लीनअप उघडून 'सिस्टिम फाइल्स' वर टिचकी मारली की जुन्या अपडेट्सचा राडा दिसतो, तो काढला. टेम्प फोल्डर रिकामं केलं. हायबरफिल नावाची एक लपलेली फाइल सव्वातीन जीबी धरून बसली होती. मशीन गाढ झोपवताना मेमरीतलं सगळं लिहून ठेवायला विंडोज ती जागा अडवून ठेवतं, साधारण रॅमच्या ४० टक्के. आमचा हा टेबलावरचा डबा, लाइट गेली की आपोआप बंद होणारा, त्याला कसली गाढ झोप. कमांड प्रॉम्प्टमध्ये एक ओळ लिहून ती सोय बंद केली. सुरू व्हायला मशीन आता थोडा जास्त वेळ घेतं, तेवढ्यात अण्णांचा चहा होतो. विनएसएक्सएस नावाचं फोल्डर मात्र कितीही मोठं दिसलं तरी हातानं काढायचं नाही. त्यातल्या पुष्कळ फाइली इतर ठिकाणी दिसतात त्याच असतात, एकाच मालाची दोन नावं, त्यामुळे आकडा आहे त्याहून फुगलेला दिसतो. आणि अपडेटसाठी विंडोज सातेक जीबी स्वतःकडं राखून ठेवतं, त्यालाही हात लावला नाही. हे अण्णांना समजवावं लागलं नाही. “मृतसाठा,” ते म्हणाले. “कोयनेच्या १०५ टीएमसीतसुद्धा पाचेक टीएमसी असतंय तसलं. धरायचं नाही ते.”

एवढं करून १४ जीबी मिळाले. खरी भर कुठं होती ते अजून कळलेलं नव्हतं.

ते कळायला मी विनडरस्टॅट नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते सगळी डिस्क चाळतं आणि पडद्यावर रंगीत चौकोनांची गोधडी अंथरतं. फाइल जेवढी मोठी तेवढा तिचा तुकडा मोठा. ड्रोनमधून तासगावकडची शेतं बघावीत तसं दिसतं, द्राक्षाचे मोठे पट्टे, मधूनच एखादी विहीर, कडेला गुंठा-गुंठा तुकडे. मला या चित्राच्या जन्माची गोष्ट फार आवडते. १९९० च्या सुमाराला अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन नावाच्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एक हार्ड डिस्क १४ जण मिळून वापरत होते. ती सारखी भरायची आणि कुणी किती अडवलंय ते कळायचं नाही. त्या वैतागातून त्यांनी ही चौकोनांची रीत काढली. आता शेअर बाजाराच्या चढउताराचे नकाशेही याच रीतीनं काढतात, पण मूळ भांडण चौदा जणांच्या एका माळ्याचं होतं. ८० एमबी म्हणजे आज अण्णांच्या फोनमधले वीस-पंचवीस फोटो.

आमच्या गोधडीवर सी ड्राइव्ह बराचसा निळा होता आणि डी ड्राइव्ह, जो एक टीबीचा आहे आणि ज्यावर सीचा माल हलवून मी मोकळा होणार होतो, तोही काठोकाठ. आणि गंमत म्हणजे एकच नक्षी परत परत दिसत होती. एका साडीची बॉर्डर असावी तशी. तोच हिरवा पट्टा, त्याला लागून तोच जांभळा, आणि खाली पुन्हा तेच.

आत शिरलो. 'जुना कॉम्प्युटर' नावाचं फोल्डर. २०२० साली नवं मशीन घेतलं तेव्हा आधीची सगळी डिस्क त्यात उतरवली होती. त्याच्या आत 'जुना कॉम्प्युटर', म्हणजे २०११ मध्ये आधीच्या मशीनवरून घेतलेलं. त्याच्या आत 'सी ड्राइव्ह सगळं', म्हणजे २००३ साली घेतलेल्या पहिल्या मशीनची ४० जीबीची डिस्क, त्यातल्या तेव्हाच्या विंडोजसकट. डब्यात डबा, त्यात डबी. आणि वेगवेगळ्या मजल्यांवर 'फोटो', 'फोटो नवीन', 'फोटो नवीन – कॉपी', 'पेन ड्राइव्ह', 'पेन ड्राइव्ह अण्णा', 'पूर', 'पूर २', 'सगळे फोटो राहू दे'.

ते 'राहू दे' बघून हसू आलं, कारण ते अण्णांच्या आवाजात ऐकू येतं. काहीही काढायला घ्या, बिनझाकणाचा डबा असो की नकोसं फोल्डर, त्यांचं एकच. “राहू दे की. भाकरी मागतंय काय ते?”

आता पुराचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

२००५ ला आमच्या घरात पहिल्यांदा एवढं पाणी आलं. आयर्विनला ५३ फुटांच्या वर गेलं होतं. तळमजल्यावरच्या फडताळात आईच्या लग्नाचा अल्बम होता, माझ्या मुंजीचा, ताईच्या बारशाचा. आम्ही धान्य वर नेलं, गाद्या नेल्या, अल्बम कुणाच्या ध्यानात आला नाही. पाणी ओसरल्यावर फडताळ उघडलं तर अल्बमची पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. अण्णांनी एकेक फोटो पाण्यात भिजवून सोडवला आणि अंगणात दोरीला चिमट्यांनी टांगला. कित्येकांचे रंग ओघळून गेले होते. आईच्या शालूचा रंग शेजारी बसलेल्या मामांच्या तोंडावर आला होता. जे वाचले ते एका स्टुडिओत नेऊन स्कॅन करून आणले. २१४ निघाले. मोजून.

मग २०१९ चा ऑगस्ट. पाणी ५७ फुटांच्या वर. त्या वेळी घरातून वर काय न्यायचं याचा क्रम ठरलेला होता: देव, सिलिंडर, सीपीयू. सीपीयू चादरीत गुंडाळून अण्णा स्वतः छातीशी धरून जिना चढले, मला हात लावू दिला नाही. आम्ही बोटीतून बाहेर पडून विश्रामबागेत ताईकडं गेलो आणि आठ दिवस त्या माळ्यावरच्या गाठोड्याचा घोर. डबा कोरडा राहिला. पण तेव्हापासून अण्णा पावसाळ्याच्या तोंडाला कॉम्प्युटरपाशी बसतात आणि ते २१४ फोटो आणखी एका ठिकाणी ठेवतात. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा आणखी दोन ठिकाणी. ताईच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी आहेत, प्रत्येकी चार-साडेचार जीबीच्या, त्याही चार जागी. २००९ पासून त्या आमच्यापैकी कुणी पूर्ण बघितलेल्या नाहीत, ताईनंसुद्धा नाही.

पूर ओसरला की घरात गाळाचा थर राहतो. फावड्यानं काढतो आपण तो. डिस्कवर प्रत्येक पुराचा थर तसाच बसलेला होता, फक्त तिथं फावडं कुणी चालवलं नव्हतं.

“अण्णा, हेच फोटो सात ठिकाणी आहेत.”

“आहेतच. मीच ठेवलेत. एक बुडालं तर दुसरं राहील.”

“पण सातही एकाच डब्यात आहेत.”

ते माझ्याकडं बघत राहिले. मी सीपीयूवर हात ठेवला. “इथं. या एका तबकडीत. ही गेली की सातही गेले.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना हे खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या डोक्यात फोल्डर म्हणजे खोल्या होत्या. 'पूर' नावाची एक खोली, 'पेन ड्राइव्ह अण्णा' दुसरी, 'सगळे फोटो राहू दे' म्हणजे सगळ्यात वरचा माळा. खालची खोली भिजली तरी माळा राहतो, हे त्यांनी आयुष्यभर बघितलेलं. सहा वर्षं माणूस पावसाळ्याआधी सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवत होता, आणि घर कागदाचं होतं. मला त्यांची चेष्टा करायची होती, ती तोंडातच राहिली. मी तरी त्यांना कधी सांगितलं होतं?

पुढं पंधरा दिवस, रोज रात्री जेवणं झाल्यावर, आम्ही दोघं बसलो. एकसारख्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर मिळतं. ते नावावर जात नाही, फाइलीच्या आतल्या मजकुराचा एक ठसा काढतं आणि ठसे जुळवतं. नाव 'आई १' असो की 'नवीन ००७', माल तोच असेल तर पकडतं. पण एका टिंबाचा फरक पडला तरी ठसा वेगळा, आणि इथं खरी कटकट सुरू होते. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आला की दाबून लहान झालेला असतो. मूळचा चार एमबीचा, आलेला दीडशे केबीचा. दिसायला एकच, ठसा निराळा. ते माणसानंच डोळ्यांनी निवडायचं. निवडताना सापडलं की काही फोटोंचे मूळ गेलेत आणि व्हॉट्सअ‍ॅपचे पिल्लूच उरलेत. मोठे करून बघितले की चेहऱ्यांचे ठोकळे होतात.

फोटोंचं पेव फुटलंय म्हणतो आपण. आमच्या शेजारच्या हरिपुरात हळदीची खरी पेवं आहेत, जमिनीत खोल खणलेली, वर तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं. २००५ च्या पुरानं त्यातली पुष्कळ निकामी केली. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आतली कोंडलेली हवा जाऊ देतात. 'जुना कॉम्प्युटर' उघडताना ते मला आठवत होतं. भराभर काढत सुटलं की माणूस चुकतो, आणि मी चुकलोच.

डबीतल्या डबीत 'डीटीपी' नावाचं एक फोल्डर होतं. जेमतेम ११ एमबी, आत मला न कळणाऱ्या नावांच्या पन्नासेक बारीक फाइली. मी ते उडवलं. दुसऱ्या दिवशी 'कारखाना व घर' हे अण्णांचं फोल्डर उघडलं तर त्यातल्या वर्डच्या फाइलींमध्ये नुसता धुरळा. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, तुटलेली अवतरणचिन्हं, पानंच्या पानं. मला वाटलं, फाइली किडल्या. ३६ फाइली होत्या, सगळ्या तशाच. डिलीटवर बोट ठेवलं होतं.

अण्णा शेंगा सोलत होते. त्यांनी मान लांब करून पडद्याकडं बघितलं. “बिघडलं नाही ते. फॉन्ट नाही त्याचा.”

ज्यांनी २००० च्या आसपास मराठीत टाइप केलंय त्यांना हे लगेच कळेल. युनिकोड घरोघरी रुळण्याआधी श्रीलिपी, कृतिदेव, आकृती असल्या फॉन्टांवर मराठी चालायची. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर इंग्रजीच असायचं, फॉन्ट फक्त त्याला मराठी मुखवटा चढवायचा. मुखवटा हरवला की खालचं इंग्रजी उघडं पडतं आणि त्याला अर्थ नसतो. म्हणजे मजकूर फाइलीत अर्धाच असतो, उरलेला अर्धा फॉन्टात. आणि तो अर्धा मी आदल्या रात्री ११ एमबीचा केर म्हणून काढला होता.

आता इथं मला एक कबूल करायला पाहिजे. पहिल्याच दिवशी मी रीसायकल बिन रिकामा करायला निघालो होतो, आणि त्यावरून आमचं वाजलं होतं. अण्णांचा बिन म्हणजे केराची बादली नाहीच, ती परसातली खोली आहे. टाकायच्या आधी वस्तू तिथं दोन पावसाळे ठेवायची. मी त्यांना पटवायला बघितलं की बिनमध्ये टाकून जागा सुटत नाही, फाइल तिथल्या तिथं जागा धरून असते, बिनला मर्यादा असते आणि ती भरली की सगळ्यात जुनी फाइल विंडोज आपोआप काढून टाकतं. ते बधले नाहीत. “सगळं झाल्यावर शेवटी कर की. घाई कसली?” मी चिडून गप्प बसलो होतो.

तर डीटीपीचं फोल्डर बिनमध्ये जसंच्या तसं होतं. परत आणलं, फॉन्ट एकेक करून बसवले, फाइल पुन्हा उघडली. धुरळा बसला आणि खाली मराठी दिसायला लागली.

पहिलीच फाइल २००५ ची निघाली. पंचनाम्याला द्यायला अण्णांनी केलेली यादी. 'ज्वारी १ पोते, पूर्ण भिजलेले. शिलाई मशीन, चालू स्थितीत नाही. लाकडी फडताळ, मागची फळी सुटलेली.' शेवटी वेगळ्या परिच्छेदात, ज्याची कुठल्याही तलाठ्याला गरज नव्हती, 'पाणी तिसऱ्या पायरीवर असता घर सोडले.' अल्बमचा उल्लेख कुठंच नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, “त्याची किंमत काय लावणार होतास?” आणि पुन्हा शेंगा.

त्या ३६ फाइली मिळून दीड एमबी भरल्या नाहीत. मी त्या सगळ्यांच्या पीडीएफ करून ठेवल्या, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवता येतो, मुखवटा वेगळा सांभाळावा लागत नाही. डीटीपीचं फोल्डरही ठेवलं.

आणि माझं स्वतःचं? अण्णांच्या सात प्रतींवर बोलणाऱ्या माझ्या नावावर गोधडीतला सगळ्यात मोठा लाल तुकडा होता. दुकानाच्या टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप. मी रोज संध्याकाळी घेतो, तारीखवार फोल्डर करून, घरच्या सी ड्राइव्हवर. प्रत्येक बॅकअपमध्ये आदल्या दिवसाचं सगळं असतंच, वर त्या दिवसाच्या चार पावत्या. दोन वर्षांचे सहाशेच्या वर बॅकअप होते, ४० एमबीचा एक. साडेचोवीस जीबी. सी ड्राइव्हची पट्टी लाल करणारा मीच होतो. अण्णांनी आकडा बघितला, काही बोलले नाहीत, नुसते “हं” म्हणाले. त्यांच्या 'हं' ला कडता कापता येत नाही. मी शेवटचे तीस दिवस आणि दर मार्चअखेरचा एक ठेवून बाकीचे काढले.

बिन शेवटी रिकामा केला, तो अण्णांच्या हातून. काढलं की ते कुठं जातं, हे त्यांना हवं होतं. म्हटलं, साध्या हार्ड डिस्कवर कुठंच जात नाही. सातबाऱ्यावरचं नाव कमी होतं, पीक रानात उभंच असतं, दुसरं कुणी पेरेपर्यंत. एसएसडीचं, म्हणजे आमच्या सी ड्राइव्हसारख्या बिनतबकडीच्या, चिपवर लिहिणाऱ्या डिस्कचं, तसं नसतं, तिला विंडोज कळवतं की हे रान मोकळं झालं आणि ती सवडीनं नांगर फिरवून टाकते, मग परत मिळण्याची आशा ठेवायची नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि बटण दाबलं. कागद चुरगाळल्याचा आवाज आला. सी ड्राइव्हवर ६८ जीबी मोकळे झाले, डीवर चारशेच्या वर.

“आता लगेच भरू नकोस,” अण्णा म्हणाले. “जुलै-ऑगस्टला धरण थोडं रिकामंच बरं.” २०१९ पासून सांगलीतली निम्मी भांडणं या एकाच वाक्यावरून होतात, पण एसएसडीच्या बाबतीत ते अगदी बरोबर होतं. काठोकाठ भरलेली एसएसडी नवं लिहायला जागा जुळवताना अडखळते.

त्याच रविवारी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली. २१४ फोटो, निवडून ठेवलेले बाकीचे, लग्नाच्या डीव्हीड्यांचा एकच संच, अण्णांच्या फाइली, त्यांचे फॉन्ट, टॅली. सगळं मिळून ९० जीबीच्या आत बसलं. ती डिस्क अण्णांनी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीला रबर लावलं, वरून धुतलेला पंचा गुंडाळला आणि माझ्या मागं गाडीवर बसले. पाऊस भुरभुरत होता. विश्रामबागेत ताईकडं पोचेपर्यंत त्यांनी पंचा शर्टाच्या आत धरला होता.

ताईनं गाठोडं हातात घेऊन उलटसुलट केलं. तिला वाटलं, प्रसाद आहे. काय आहे ते सांगितल्यावर तिनं कपाट उघडलं आणि वरच्या कप्प्यात, शालूच्या घडीमागं, जागा केली.

“किती दिवस ठेवायचंय, अण्णा?”

“पावसाळा होईस्तोवर राहू दे,” अण्णा म्हणाले, आणि तिच्या लग्नाची डीव्हीडी त्यात आहे हे सांगायला विसरले.